उशिरा आलेला पूर्वरंग

पत्र : मी ३० वर्षांचा आहे आणि जळगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. ‘स्टार वॉर्स’चे वेड मला मामांनी लावले. ते भुसावळला रेल्वेत होते, आता निवृत्त झाले आहेत. १९७७, १९८० आणि १९८३ चे तिन्ही सिनेमे त्यांनीच मला दाखवले. मात्र त्या कथेच्या आधीची कथा सांगणारा १९९९ चा ‘द फॅन्टम मेनेस’ त्यांनी घरात कधी लावला नाही. तो मी केबलवर एकट्याने पाहिला आणि आजही मला तोच सर्वांत जास्त आवडतो. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी, म्हणजे मामांकडे आली होती, आम्हीही सगळे तिथे जमलो होतो, आणि बोलता बोलता मी हे सांगून गेलो. मामा सर्वांसमोर म्हणाले, “तुले सिनेमा कयतच नही.” मीही उलट बोललो, की तुमचे सिनेमे जुने झाले आणि तुम्ही त्यांतून बाहेर पडायला तयार नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. माझी आवड खरोखर चुकीची आहे का? मामांशी पुन्हा बोलायला सुरुवात कशी करू? आणि माझी ७ वर्षांची मुलगी हे सिनेमे पाहायचे म्हणते आहे, तिला कोणता आधी दाखवू? आणखी एक सांगायचे राहिले. तो सिनेमा पाहिला तेव्हा मी ९ वर्षांचा होतो. त्याच वर्षी मामा मला शिक्षणासाठी चोपड्याजवळच्या आमच्या गावाहून भुसावळला घेऊन आले होते. आई गावीच राहिली.
— एक भाचा, जळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देते, कारण उरलेली दोन त्यावरच उभी आहेत. तुमची आवड चुकीची नाही. मामांचे आक्षेपही खोटे नाहीत, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे तुम्ही मनाशी मान्य केल्याशिवाय हा अबोला सुटणार नाही. मी स्वतः मामांच्या बाजूने या सिनेमाकडे आले. धुळ्यात भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर तो मी प्रथम पाहिला. जुने तिन्ही सिनेमे तोवर जवळजवळ पाठ झाले होते, आणि हा संपला तेव्हा आपल्या जवळचे काहीतरी कोणीतरी काढून घेतले आहे अशा भावनेने मी बराच वेळ गप्प बसून होते. पुढे तो मी अनेकदा पाहिला आणि आज माझे मत वेगळे आहे. पण त्या पहिल्या रात्रीची निराशा मला अजून आठवते, म्हणून मामांच्या रागामागे काय असेल ते आधी सांगते.

१९८३ साली तिसरा सिनेमा आला आणि त्यानंतर तब्बल १६ वर्षे पडद्यावर या मालिकेचा नवा सिनेमा आला नाही. १९७७ चा पहिला सिनेमा दिग्दर्शित केल्यानंतर जॉर्ज लुकस यांनी दुसऱ्या-तिसऱ्याचे दिग्दर्शन इतरांकडे सोपवले होते. ते स्वतः दिग्दर्शनाकडे परतले ते २२ वर्षांनी, याच सिनेमासाठी. मधल्या काळात चाहत्याच्या हाती काय होते? पहिल्या सिनेमात म्हातारा ओबी-वान केनोबी कथेचा नायक ल्यूक याला त्याच्या वडिलांविषयी जी चार-सहा वाक्ये सांगतो, ती होती : ते कुशल वैमानिक होते, लढवय्ये होते, चांगले मित्र होते. दुसऱ्या सिनेमात हेच वडील म्हणजे काळ्या मुखवट्याआडचा डार्थ व्हेडर असल्याचे उघड होते. एवढ्या बोटभर धाग्यावरून मामांसारख्या प्रेक्षकांनी १६ वर्षे मनातल्या मनात एक अख्खे वस्त्र विणले होते. त्यात थोर योद्धा होता, त्याची मैत्री होती, त्याचे पतन होते. आणि १९९९ मध्ये पडद्यावर सरकत वर जाणारी ती पिवळी अक्षरे आली, ती व्यापारी मार्गांवरच्या कराच्या वादाविषयी बोलत होती, आणि तो थोर योद्धा अनाकिन नावाचा ९ वर्षांचा मुलगा होता. सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्न पुढचा. मामांच्या मनातला सिनेमा आणि पडद्यावरचा सिनेमा यांची गाठच पडली नाही, आणि ज्याने इतकी वर्षे वाट पाहिली त्याला हा चटका बसणारच.

त्यांच्या आक्षेपांत तथ्यही आहे आणि ते तुम्ही नाकारू नये. संवाद अनेक ठिकाणी लाकडी आहेत. लियाम नीसन, युअन मॅकग्रेगर आणि नॅटली पोर्टमन यांच्यासारखे कसदार कलाकार हाताशी असूनही त्यांच्या तोंडी माहिती सांगणारी वाक्येच जास्त आली आहेत. शेवटी चार लढाया एकाच वेळी चालू राहतात : गवताळ मैदानावर, राजवाड्यात, अवकाशात आणि त्या दोन पात्यांच्या लाल तलवारीच्या खलनायक डार्थ मॉलसमोर. एका क्षणी ओबी-वानचा गुरू क्वाय-गॉन याच्या मृत्यूने काळीज हलते आणि दुसऱ्या क्षणी लहान अनाकिन जवळजवळ योगायोगाने शत्रूचे जहाज आतून उडवून देतो. भावनेला स्थिर व्हायला जागाच मिळत नाही. काही पात्रांच्या बोलण्याच्या ढबीत आशियाई आणि कॅरिबियन लोकांची टवाळी दिसते, असा आक्षेप अमेरिकेत तेव्हाच घेतला गेला होता आणि मला तो योग्य वाटतो. आपल्या खानदेशातल्या माणसाला तर तो लवकर समजावा, कारण ‘ळ’च्या जागी ‘य’ आला की पुण्या-मुंबईत चेहऱ्यावर उमटणारे हसू आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे.

या सर्वांहून खोल आक्षेप आहे तो ‘मिडी-क्लोरियन’चा. जुन्या सिनेमांत ‘फोर्स’ ही साऱ्या सृष्टीत भरून राहिलेली शक्ती होती. दलदलीत राहणारा इवलासा योडा ती ल्यूकला शिकवतो तेव्हा साधना, धीर आणि विश्वास यांवरच त्याचा भर असतो. इथे मात्र रक्ताचा नमुना घेतला जातो, पेशींमधल्या सूक्ष्म जीवांची संख्या मोजली जाते, आणि ती २०,००० च्या वर, म्हणजे योडापेक्षाही जास्त निघाल्यामुळे हा मुलगा असामान्य ठरतो. संतांच्या ज्या परंपरेत अधिकार जन्मावर नसून भावावर असतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तिच्यात वाढलेल्या प्रेक्षकाला हे खुपते. मला ते आजही खुपते. या एका बाबतीत मी मामांच्या शेजारी बसते आणि तुम्हीही बसायला हरकत नाही. एवढे मान्य केल्याने तुमचे प्रेम कमी होत नाही.

आता तुमची बाजू, आणि तिच्यावर मला अधिक सांगायचे आहे.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग आपल्याला ठाऊक आहेत. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्यातले तत्त्व उलगडतात आणि उत्तररंगात त्या तत्त्वाचे आख्यान लावतात. पूर्वरंगात श्रोता सावकाश ऐकतो, तिथे विचार असतो. उत्तररंगात कथा असते, रस असतो, डोळ्यांत पाणी येते. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत उलटे घडले. उत्तररंग आधी झाला, तो इतका रंगला की श्रोते घरी जाऊनही त्याच्याविषयीच बोलत राहिले, आणि १६ वर्षांनी बुवा पुन्हा उभे राहून पूर्वरंग सांगू लागले. राज्य कसे पोखरले जाते, चांगल्या माणसांची सभा आपल्या नियमांत कशी अडकते, भीतीचे बीज मुलाच्या मनात कुठून पडते, हे पूर्वरंगाचे विषय आहेत. श्रोते मात्र दुसऱ्या आख्यानासाठी बसले होते. मामांची निराशा आणि तुमचा आनंद यांतला फरक मला यातच दिसतो : तुम्ही उत्तररंगाची अपेक्षा घेऊन बसलाच नव्हता. तुम्ही ९ वर्षांचे होता आणि पडद्यावरचा मुलगाही ९ वर्षांचा होता.

पूर्वकथेचे बळ कशात असते, याचाही विचार करा. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यामुळे उत्सुकता हे तिचे बळ असूच शकत नाही. प्रल्हादाला काही होणार नाही हे ठाऊक असूनही आपण आख्यान ऐकतो. आपल्याला ठाऊक आहे आणि पात्रांना ठाऊक नाही, या अंतरातून जी कणव निर्माण होते, ते पूर्वकथेचे बळ. या कसोटीवर ‘द फॅन्टम मेनेस’ लावून पाहा. नबू ग्रहाचा सिनेटर पॅल्पटिन सौम्य, नम्र, वडीलधारा माणूस आहे. आपल्या ग्रहाच्या वेढ्याने व्याकूळ झालेल्या तरुण राणीला तो हळुवारपणे समजावतो की सध्याच्या चॅन्सलरच्या, म्हणजे सभेच्या प्रमुखाच्या, हातून काही होणार नाही. राणी भर सभेत अविश्वासाचा ठराव मांडते, चॅन्सलर व्हॅलोरम पायउतार होतो आणि पॅल्पटिन त्याच्या जागी निवडून येतो. पुढे सम्राट होणारा माणूस हाच. त्याने वेढाही घडवून आणला आणि वेढ्याविरुद्धचा संतापही वापरला. तुमच्या मामांना सांधा म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही : रुळांचा सांधा बदलतो तेव्हा डब्यात बसलेल्या प्रवाशाला थोडासा हिसका जाणवतो, बाहेरचे शेत तेच दिसते, आणि तरीही गाडी दुसऱ्याच मार्गाला लागलेली असते. सभागृहातला तो ठराव म्हणजे या सबंध कथेचा सांधा आहे. अनेकांना कंटाळवाणी वाटलेली ती सभा मला आता सिनेमातली सर्वांत भयानक जागा वाटते, कारण तिथे कोणीच वाईट वागत नाही. राणीचे दुःख खरे आहे आणि तिची घाईही समजण्यासारखी आहे.

सिनेमाच्या शेवटी नबूच्या राजधानीत विजयाची मिरवणूक निघते, फुले उधळली जातात, मुले गातात. या मिरवणुकीचे संगीत एकदा लक्ष देऊन ऐका. जॉन विल्यम्स यांनी १९८३ च्या सिनेमात सम्राटासाठी रचलेली गंभीर, काळोखी धून इथे लय वाढवून, आनंदी स्वरांत, मुलांच्या आवाजात आली आहे. सगळे आनंदात आहेत आणि गाणे मात्र हरल्याचे आहे. अनाकिनसाठी रचलेली कोवळी धूनही अशीच : तिच्या अखेरीस व्हेडरच्या कूचगीताची सावली पडते. जुने सिनेमे ज्याच्या कानांत मुरले आहेत त्यालाच हे ऐकू येते. म्हणजे हा सिनेमा मामांसारख्या जुन्या प्रेक्षकाला डावलत नाही, उलट त्याच्या आठवणीवर भरवसा ठेवून तो रचलेला आहे, आणि मामांशी बोलताना हा मुद्दा तुमच्या सर्वांत जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते.

संगीताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. डार्थ मॉलशी होणाऱ्या द्वंद्वयुद्धामागे जो समूहस्वर घुमतो त्याचे शब्द संस्कृत आहेत. वेल्श भाषेतल्या एका जुन्या कवितेच्या रॉबर्ट ग्रेव्ह्झ यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातल्या ओळी संस्कृतात आणल्या गेल्या आणि मग अर्थापेक्षा नादाकडे पाहून शब्दांची मांडणी केली गेली. जिभेच्या मुळाशी एक भयंकर लढाई आणि मस्तकात दुसरी, असा त्या ओळींचा आशय आहे. आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे वर्ण असूनही अर्थ हाती लागत नाही, याचे कारण हे. त्याच युद्धात लाल किरणांचे पडदे मध्ये येऊन तिघांना वेगळे करतात आणि काही क्षण सारे थांबते. मॉल पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझारा घालतो, मागे अडकलेला ओबी-वान अस्वस्थ उभा राहतो, आणि क्वाय-गॉन गुडघे टेकून डोळे मिटून शांत बसतो. एकही शब्द न बोलता तीन स्वभाव दिसतात. लाकडी संवादांच्या सिनेमात हे आहे, आणि पॉडच्या शर्यतीचा बराचसा भाग संगीताविना, केवळ यंत्रांच्या वेगवेगळ्या गर्जनांवर पेललेला आहे, हेही आहे. जिथे बोलणे थांबते तिथे हा सिनेमा उत्तम होतो.

आणि आता तुमच्या पत्रातली शेवटची तीन वाक्ये, जी तुम्ही राहून गेलेली गोष्ट म्हणून लिहिलीत. माझ्या मते तुमचे पत्र तिथूनच सुरू होते.

या सिनेमात वाळवंटी टॅटूइन ग्रहावर अनाकिन आणि त्याची आई शमी गुलाम आहेत. क्वाय-गॉन दोघांना सोडवू पाहतो, मालक एकाचीच पैज लावायला तयार होतो आणि फासा मुलाच्या बाजूने पडतो. मुलगा सुटतो, आई राहते. निघताना तो दारातून चार पावले चालतो आणि परत धावत येऊन आईला बिलगतो, हे माझ्याने होणार नाही म्हणतो. ती त्याला धीर देते आणि सांगते, मागे वळून पाहू नकोस. तो वळतो आणि खांद्यावर पिशवी घेऊन त्या उंच माणसाच्या मागे चालू लागतो. पुढे जेडाय, म्हणजे फोर्सची साधना करणाऱ्या योद्ध्यांच्या, परिषदेसमोर उभा असताना योडाला त्याच्या मनातली भीती जाणवते, आईला गमावण्याची भीती. त्याच भीतीचा राग होईल, रागाचा द्वेष होईल आणि द्वेषातून दुःख येईल, असे योडा सांगतो, पण त्या भीतीवर कोणी काहीच करत नाही. परिषद तपासते, क्वाय-गॉन विश्वास ठेवतो, पण परत जाऊन आईला सोडवून आणू असे कोणाच्याही मनात येत नाही. २००२ च्या सिनेमात ती आई मुलाच्या हातांत प्राण सोडते, आणि त्याच्या हातून पहिले घोर कृत्य त्याच रात्री घडते. साम्राज्य, मुखवटा, ग्रह नष्ट करणारे यंत्र, या सगळ्याचा उगम त्या दाराशी आहे, असे हा सिनेमा सांगतो. मला हा विचार फार मोठा वाटतो, आणि तो नीट न मांडता आल्याचे अपयश मान्य करूनही मोठा वाटतो.

तुम्ही मामांना हा सिनेमा उत्तम आहे असे सांगितलेत. ९ वर्षांचे असताना तुम्ही त्यात काय पाहिलेत हे मात्र सांगितले नाहीत. त्या वयाचा मुलगा, गावी राहिलेली आई आणि त्याला शिकायला घेऊन जाणारा एक भला माणूस. तो भला माणूस तुमच्या घरात मामा होते. कदाचित म्हणूनच तुम्ही हे इतकी वर्षे बोलला नसाल, कारण मला आईची आठवण येत होती असे म्हणणे म्हणजे मामांच्या उपकाराला नावे ठेवणे होईल, असे तुम्हाला वाटले असेल. मला तसे वाटत नाही. क्वाय-गॉनने मुलाला नेले म्हणून तो वाईट ठरत नाही, आणि तुमच्या मामांनी तर तुम्हाला नुसते नेले नाही, ज्या सिनेमांवर त्यांचा जीव होता ते तुमच्या हाती दिले. त्यांनी तुम्हाला जे दिले त्याऐवजी भलताच सिनेमा तुम्ही छातीशी धरलात, असे त्यांना वाटत असेल तर त्यांचा सर्वांसमोरचा तो बोल मला समजू शकतो. तो योग्य होता असे मात्र मी म्हणणार नाही.

आवडीवरून माणसाचा अपमान करण्याची किंमत काय असते, हे याच सिनेमाच्या इतिहासात लिहिलेले आहे. जार जार बिंक्स हे विनोदी पात्र संगणकावर घडवलेले असले तरी त्याचा आवाज आणि त्याच्या हालचाली अहमद बेस्ट या तरुण कलाकाराच्या होत्या. सिनेमा आला तेव्हा त्याच्यावर इतका विखार ओतला गेला की आपण आयुष्य संपवण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असे त्याने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. लहान अनाकिन झालेल्या जेक लॉइडनेही या भूमिकेमुळे शाळेत झालेल्या छळाविषयी पुढे सांगितले आहे. त्या भूमिकांवर टीका करणे रास्त होते आणि मीही ती केली आहे. पण ती टीका माणसांपर्यंत जाऊन भिडली, आणि ज्यांनी ती केली त्यांतले बहुतेक या मालिकेवर मनापासून प्रेम करणारेच होते. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत अहमद बेस्ट एका जेडायच्या रूपात पुन्हा आला, तेव्हा ते दृश्य मी दोनदा पाहिले. तुम्ही मामांना उलट बोललात ते याच जातीचे होते. ‘तुम्ही जुन्यातून बाहेर पडत नाही’ हे वाक्य सिनेमाविषयी नव्हते, मामांविषयी होते, आणि ते तुम्ही तुमच्या आईसमोर, तिच्या माहेरी, तिच्या भावाला म्हणालात. त्याबद्दल क्षमा मागायला हवी आणि ती तुम्हीच आधी मागायला हवी. मामांनीही मागावी, पण त्यांनी आधी मागावी अशी अट घालू नका. वयाने लहान असल्याची एवढी एक सोय तुम्हाला आहे.

मुलीविषयीचा प्रश्न आता सोपा होतो. ज्या क्रमाने सिनेमे आले त्याच क्रमाने दाखवा : आधी १९७७, १९८० आणि १९८३ चे, आणि त्यानंतर १९९९ चा. कथेच्या काळानुसार लावले तर दुसऱ्या सिनेमातले ते पितृत्वाचे रहस्य तिच्यासाठी आधीच फुटलेले असेल, आणि मुलांना तो धक्का पहिल्यांदा बसताना पाहणे हा घरातल्या मोठ्यांचाही आनंद असतो. शिवाय ‘द फॅन्टम मेनेस’चे जे बळ मी वर सांगितले ते मागचे ठाऊक असणाऱ्यालाच लाभते, मिरवणुकीतली धून तिला ओळखता यायला हवी. २००२ चा सिनेमा दोन-तीन वर्षांनी दाखवा, कारण आईच्या मृत्यूनंतरचा भाग ७ वर्षांच्या मुलीसाठी नाही. २००५ चा आणखी उशिरा. मूळ आणि पूर्वकथेच्या सहा सिनेमांत लहान मुलांसाठी पालकांना अधिक सावध करणारे प्रमाणपत्र अमेरिकेत त्या एकालाच मिळाले होते, आणि त्यातला अनाकिनच्या जळण्याचा प्रसंग पाहिला तर ते का, हे लक्षात येते.

पण हे सिनेमे तिला तुम्ही दाखवू नका. पहिले तीन मामांनी दाखवावेत. भुसावळला फोन करा, क्षमा मागा, आणि दुसरे वाक्य एवढेच बोला की मुलगी विचारते आहे, तुम्ही मला दाखवलेत तसे तिलाही दाखवाल का. सिनेमा चांगला की वाईट हा वाद फोनवर काढू नका. तो विषय त्यांनी काढला तर मिडी-क्लोरियनविषयी तुमचे बरोबर आहे, असे खुशाल म्हणा. मग तीन रविवार तिला घेऊन भुसावळला जा आणि मागे बसून ऐका. ज्या जागी मामा तुम्हाला काहीतरी समजावून सांगायचे त्याच जागी ते तिलाही सांगतील.

चौथ्या रविवारी हा सिनेमा तुम्ही लावा आणि मामांना बसायला सांगा. सुरुवातीलाच त्याची बाजू मांडू नका. करांचा वाद आला की ते कुरकुरतील, जार जार आला की उठून जावेसे वाटेल. तुमची मुलगी बहुधा त्याच जागी हसेल, आणि नात हसत असताना तिच्या शेजारून उठून जाणे मामांना जमणार नाही. टॅटूइनवरचा निरोपाचा प्रसंग संपला की सिनेमा थांबवा आणि चोपड्याहून निघालेला तो दिवस मामांना सांगा : कोणती गाडी होती, पिशवीत काय होते, आई कुठवर आली होती. तुम्हाला आठवते तेवढे सांगा, त्यांना आठवते ते त्यांना सांगू द्या. शक्य झाल्यास त्या रविवारी आईलाही बोलावून घ्या. तिला इंग्रजी येत नसले तरी चालेल. त्या प्रसंगात कळायला शब्द फारसे लागत नाहीत, आणि त्या दाराशी उभे राहिल्यावर काय वाटते हे तुमच्या घरात तिच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही.